खांबापासून पंधरा फूट

रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारणं हा रंगाऱ्याचा धंदा. माणूस पट्ट्यासारखाच सरळ, फक्त तोंडाचा फटकळ. क्लबच्या बास्केटबॉल मैदानावरचे झिजलेले पट्टे नव्याने मारायला त्याला बोलावलं, आणि पट्टे वाळतायत न वाळतायत तोच पोरांची फ्री थ्रोची स्पर्धाही त्याच्याच गळ्यात पडली. क्लबच्या सरांच्या कमरेत उसण भरली होती.

"सोपं असतं हो," सर फोनवर कण्हत म्हणाले. "पोर रेघेवर उभं राहतं, दहा वेळा बॉल टाकतं. रिंगमधून गेलेले तेवढे तुम्ही मोजायचे. ज्याचे जास्त, तो मोठ्या स्पर्धेला जाणार."

आता त्या मोठ्या स्पर्धेचं नाव घेतल्याशिवाय रंगाऱ्याच्या घरात घास उतरत नव्हता. त्याची लेक, म्हणजे चिमणी, उठता बसता तिचाच जप करायची. घरामागच्या गल्लीत भिंतीला फळीसकट रिंग ठोकलेली, समोर बापानेच मापून मारलेली रेघ. शाळेतून आली की दप्तर भिरकावायची आणि बॉल टाकत बसायची. शेजारणीचे कान किटले होते.

स्पर्धेच्या दिवशी मैदान गजबजलं. आणि काय सांगू, पोरं पेटलीच! ज्याला कधी बॉल नीट धरता आला नाही, तोसुद्धा पाच पाच टाकून जायला लागला. बांबू नावाचा लांबडा पोरगा आला आणि दहातले नऊ टाकून गेला. त्याची आई बस चालवायची. बसच्या हॉर्नला लाजवेल असा तिचा आवाज. "शाब्बास रे माझ्या वाघा!" झाडावरचे कावळे उडाले.

मग चिमणी आली. पहिला बॉल फळीच्या वरच्या काठावर थाड! दुसरा फळीवरून पलीकडेच. जोर कमी केला तर बॉल रिंगच्या अलीकडेच पडला. दहातले तीन. सगळ्यात खाली तिचंच नाव.

"बाबा, रेघ जवळ आलीय."

"रेघेला काय पाय फुटले? नाचता येईना अंगण वाकडं!" रंगारी डाफरला. "अर्धं आयुष्य पट्टे मारण्यात गेलं माझं. खांबापासून टेप लावलीय, पंधरा फूट म्हणजे पंधरा फूट."

"खांबापासून?"

"मग काय आभाळापासून लावू?"

चिमणी बाजूला जाऊन उगाचच बुटाची नाडी सोडत आणि बांधत बसली. नाक ओढल्याचा आवाज मात्र बापाला ऐकू आला. तो तणतणत खांबाकडे गेला, पाठ टेकली आणि सहज वर बघितलं.

डोक्यावर रिंग नव्हती.

रिंग कुठे, तर चांगली दोन ढांगा पुढे! खांब मागे उभा होता आणि वरून वाकून त्याने फळी पुढे धरली होती. पार्किंगमध्ये माप खांबापासूनच घेतात, कारण गाडी तिथेच टेकते. गल्लीत फळी भिंतीलाच चिकटलेली, म्हणून तिथलं माप बरोबर आलं. इथे मात्र सवयीने घात केला होता. माप फळीखालून घ्यायला हवं होतं.

रंगाऱ्याला दरदरून घाम फुटला. बोलावं, तर लोक म्हणणार लेकीसाठी रेघ हलवली. गप्प बसावं, तर पोरीची मेहनत पाण्यात. शिवाय बांबू मोठ्या स्पर्धेत खऱ्या रेघेवर तोंडघशी पडणार, तो भाग वेगळाच. होऊ दे काय व्हायचं ते, म्हणून त्याने शिट्टी फुंकली.

"मंडळी, रेघ चुकलीय. चूक माझी. सगळ्यांनी पहिल्यापासून टाकायचं."

"का हो?" बसवाली तरातरा पुढे आली. "लेक हरली की रेघ सरकते होय? आम्ही काय डोळे घरी ठेवून आलोय?"

"ताई, ही टेप घ्या. तुम्हीच मोजा. मी हातसुद्धा लावत नाही."

तिने खरंच मोजलं. बांबूला रेघेवर टेप धरायला लावली, स्वतः फळीखाली उभी राहिली. आकडा बघितला. वर फळीकडे बघितलं, मागे खांबाकडे बघितलं. आणि जी हसत सुटली!

"अहो रंगारी, माझी बस लावायची होती की काय इथे?"

सगळं मैदान खिदळलं. रंगाऱ्याला वाटलं, डबा डोक्यावर पालथा घालून रंगातच लपावं.

"म्हणजे माझे नऊ गेले?" बांबूने विचारलं.

"गेले," आई म्हणाली. "आता खरे टाक."

नवी रेघ बसवालीने स्वतः आखली. पोरांची मस्ती तिथेच उतरली. बॉल रिंगच्या अलीकडेच टपाटपा पडायला लागले. बांबूने तरीही जिद्दीने सहा टाकले. पोरगं भारीच होतं.

शेवटी चिमणी. एक गेला, दुसरा गेला. रंगाऱ्याला पहिल्यांदा बरं वाटलं, मग लोक आठवले. ही जिंकली, तर उद्या नाक्यावर काय काय बोलतील! बघता बघता तिचे सहा झाले आणि हातात एक बॉल उरला. आता बाप लेकीकडे बघेना, बॉलकडे बघेना. बॉल उडाला, रिंगवर बसला, काठावरून गोल फिरला, घटकाभर दमल्यासारखा थांबला आणि आत पडला.

"गेला!" सगळ्यात आधी ओरडली ती बसवाली. तिने चिमणीला उचललंच. "उद्यापासून आमचं हे कार्टं तुमच्या गल्लीत सरावाला येणार. हाकलायचं नाही, सांगून ठेवते!"

सुटून चिमणी बापाजवळ आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, शेवटचा चुकावा म्हणून देव पाण्यात घातले होतेस ना?"

"मी? छे! कोण म्हणतं?"

"तुझे ओठ हलत होते."

"शिट्टी होती तोंडात!"

"शिट्टी गळ्यात होती."

रंगाऱ्याने कान खाजवला. "बरं, घातले होते," तो म्हणाला. "पण तुझ्यापुढे देवाचं तरी कुठे चालतंय?"