खणाला पडलेलं दार

मी एक जुना खण आहे, मित्रांनो. कपाटाचा. कपाट वाळवीने खाल्लं, मी तेवढा वाचलो.

मला आजोबांनी घडवलं. ते सुतार. माझ्या कोपऱ्यांत एकही खिळा नाही. फळीचे दात फळीत असे बसवलेत की नख शिरणार नाही. पुढल्या फळीवर पितळी कडी. तिचा मला कोण तोरा! माझ्यात आधी त्यांच्या मुलाची झबली होती, मग नातीची. कपाट गेलं तेव्हा सून म्हणाली, "बाबा, हाही जाळायला घेऊ?"

"राहू दे," एवढंच आजोबा म्हणाले. मी मागच्या शेडमध्ये धूळ खात पडलो.

मग तांबडी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून बसायची, जवळ येणाऱ्याला टोचायची. सुनेने माझ्यात भुसा घातला, गवत पसरलं, अंडी मांडली. "खोल आहे, अंडी घरंगळणार नाहीत," ती म्हणाली आणि मी फुगलो. तांबडी चोचीने अंडी उलटीपालटी करायची, खाण्यापुरती उठायची की परत आत. झबल्यांनंतर इतकी ऊब मला मिळालीच नव्हती.

एका सकाळी टरफलांतून टकटक सुरू झाली. दुपारपर्यंत काही पिल्लं वाळून गोंड्यासारखी झाली. त्यातलं काळं भारी आगाऊ. आईच्या पाठीवर चढलं, तिथून माझ्या काठावर, आणि धप्पकन बाहेर!

बाहेर पडलं खरं, पण आत कसं येणार? माझ्या पुढल्या फळीवर उड्या मारायचं आणि आपटायचं. तांबडी आतून बोलवत होती, पण बाकीची अंडी फुटत होती, ती उठेना. ज्या खोलपणाचा मला अभिमान, त्याचीच भिंत झाली होती. मित्रांनो, मला हात नाहीत. त्याचा आवाज बारीक होत गेला, मग थांबला.

तेवढ्यात शाळेतून नात आली. तिला सगळे भुंगी म्हणतात.

"आई, धाव! काळं थंडगार पडलंय!"

सुनेने त्याला ओंजळीत घेऊन तोंडाची वाफ दिली, मग टोचे खात तांबडीच्या पोटाखाली सरकवलं. "मला टोच हवं तेवढं, बाई, पण याला घे."

भुंगी माझ्याजवळून हलेना. जेवायची वेळ झाली तेव्हा तांबडीच्या पंखातून एक काळं डोकं बाहेर आलं. भुंगी अशी ओरडली की आजोबा चष्म्याशिवाय धावत आले.

"पण ते पुन्हा पडेल," ती म्हणाली. "आजोबा, पुढची भिंत कापा ना."

"अगं, आजोबांच्या हातचं एवढंच उरलंय," सून हळूच म्हणाली. "बाहेरून वीट लावू."

"विटेवरून आत आदळतील, कोवळे पाय आहेत," आजोबा म्हणाले.

शेवटचं अंडं फुटल्यावर तांबडीला पिल्लांसकट टोपलीखाली ठेवलं आणि आजोबांनी करवत घेतली.

"कडी तरी ठेवा, बाबा."

"आता याला ओढायचंय कुणी?" आजोबा हसले.

करवत चालली तेव्हा वाटलं, संपलो आपण. पण माझी पुढली फळी बोटभर उंच उरली. कडी खुराड्याच्या दाराला लागली.

मित्रांनो, कोंबडी बसवाल तेव्हा तिला खोलगट घर द्या, पण एक बाजू ठेंगणी ठेवा. आणि माझ्यासारखं जुनं काही जाळायला निघालात, तर आधी आत वाकून बघा, कुणाला ऊब मिळेल का.

संध्याकाळी सगळी पिल्लं माझ्यात परत येतात. काळं सगळ्यांत शेवटी.