खारीपायी अडलेलं श्राद्ध

मामंजींचं श्राद्ध. पहाटेपासून मी सोवळ्यात चुलीपुढे, पोटात अन्नाचा कण नाही. भटजी जेवून ओसरीवर टेकले होते, त्यांना कसली घाई! आता ह्यांनी परसातल्या कठड्यावर पिंड ठेवायचा, कावळा शिवला की आमची पानं.

हे पिंड घेऊन गेले आणि तसेच परत आले.

"अगे, माडाखालीं अणिलाचं पिल्लू पडलंय. डोळेही उघडले नाहींत, पावम, बिचारं. थोडं दूध दे."

खारीला आमच्या घरात अणिलच म्हणतात. सोवळ्यात तिला शिवले असते तर पुन्हा आंघोळ, पुन्हा उशीर. मी म्हटलं, आधी हरिणीला विचारा. आमची लेक चेन्नईत जनावरांची डॉक्टर आहे. फोन भटजींनी धरला, कारण त्यांचं जेवण झालं होतं.

"शिवूं नका," हरिणी म्हणाली. "दूध तर नकोच, छातींत जाईल. लांब उभे राहा, आई येऊन नेईल. मात्र कावळ्यांना फिरकूं देऊं नका."

भटजींनी फोन माझ्याकडे असा धरला, जणू चूक माझीच.

"पिंड गच्चीवर ठेवा," मी म्हटलं.

"एकाला बोलावलं कीं सगळ्या मेलकावेरी गावचे कावळे येतील," हे म्हणाले. " तिथून हें पिल्लू दिसतंय."

मग हे विहिरीआड उभे राहिले. एका हातात पिंड, दुसऱ्या हातात ओलं उपरणं. वर्षभर ज्यांची वाट पाहायची त्यांनाच हा माणूस हुश् हुश् करत होता. एक कावळा तर मामंजींसारखी मान वाकडी करून बघत होता. माझं डोकं फिरलं.

"तुमचे अप्पा असतील ते. उपाशी हाकलतां?"

"अप्पा असले तर थांबतील," हे म्हणाले. "मला विषमज्वर झाला तेव्हां तीन दिवस जेवले नव्हते."

माझा राग तिथेच विरला. मीही पदर खोचून कावळे हाकलायला उभी राहिले.

साडेतीनला खार उतरली. पिल्लू हुंगलं, तोंडात धरलं आणि सरसर माडावर गेली. ह्यांचे डोळे भरून आले. पिंड कठड्यावर ठेवून बसलेल्या आवाजात त्यांनी हाक मारली. दीड तास हाकललेला तो वाकड्या मानेचा कावळा पहिल्याच हाकेला आला.

ओसरीवर भटजींना जाग आली. "कावळा आला?"

"मामंजी आले," मी म्हटलं आणि पानं वाढायला आत गेले.