काच शेवटी

ह्यांनी मदरबोर्ड नाकाशी नेला आणि वास घेतला.

"जळकट येत नाही," हे म्हणाले. "चालेल."

कॉम्प्युटरचे जुने सुटे भाग विकणाऱ्या त्या दुकानदारानं असं गिऱ्हाईक पूर्वी पाहिलं नसावं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली. उभा जन्म ट्रक चालवलेला माणूस वायरिंग नाकानंच तपासतो, हे त्याला कुठे समजावत बसू?

"काका, हा बोर्ड. ह्याच्यावर बाकीचं सगळं बसतं," तो म्हणाला.

"म्हणजे चासी."

"तसंच समजा. हा प्रोसेसर. सगळा विचार हा करतो."

"इंजिन. आणि हा डबा?"

"पॉवर सप्लाय. सगळ्यांना करंट इथून जातो."

"डिझेलची टाकी. हिला सांगा, टाकीत काटकसर करायची नसते," हे त्याला म्हणाले, जणू मी शेजारी उभीच नव्हते.

काटकसर हे माझं खातं. मी गाड्यांची सीटकव्हरं शिवते. तयार गेमिंग कॉम्प्युटर आमच्या ऐपतीबाहेरचा होता, म्हणून एकेक भाग घेत जोडायचा असं ठरलं होतं. कुठला भाग कुठल्या भागाशी जमतो ते मी शिवता शिवता फोनवर ऐकून शिकले होते. एका कानात मशीन, एका कानात ते. पोरीच्या लग्नाला स्थळं बघताना जेवढा कीस काढला नव्हता, तेवढा पंख्यांचा काढला.

आणि हे सगळं कशासाठी, तर ह्यांना परत ट्रक चालवायचा होता.

डेपोच्या फाटकात ह्यांचा पाय क्लचवरून घसरला, तेव्हा गाडी मागे जाऊन भिंतीला टेकली. कुणाला खरचटलं नाही. पण ह्यांनी त्याच दुपारी मालकाच्या टेबलावर चावी ठेवली आणि पायी घरी आले. पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे. आधी पाय जातील, मग हात, मग आवाज. "डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील," असं म्हणून ते आमच्याकडे बघत राहिले. आम्ही आनंद मानावा, अशी त्यांची अपेक्षा असावी.

हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिनं एकदा ह्यांना फोनवर ट्रक चालवायचा खेळ दाखवला. टेबलाला स्टेअरिंग अडकवायचं आणि समोरच्या स्क्रीनवर लांबच लांब रस्ता. घरी जेवताना हे मध्येच थांबून म्हणाले, "अगं, त्या गाडीला आरसे पण होते."

मी पुढचा घास घेतला नाही. कधी कशासाठी हट्ट न केलेला माणूस हा. लाईनीवर ह्यांना सगळे 'भोंगा' म्हणायचे, कारण ह्यांनी हॉर्न कधी वाजवला नाही. समोरच्याला डोळे आहेत, म्हणायचे. एकच खोड होती. दुसरा चालवत असला की ह्यांना झोप लागायची नाही. कुणाच्या लग्नाची बस असो, अख्खं वऱ्हाड घोरत असायचं आणि हे ड्रायव्हरशेजारी ताठ बसून त्याच्या वाटचे ब्रेक आपल्या पायानं दाबत असायचे.

नणंदेला कळलं तेव्हा ती तावातावानं आली.

"दादा, ह्या वयात खेळणं हवंय होय तुला? वहिनी, तुम्ही तरी. त्यापेक्षा तो वर-खाली होणारा पलंग घ्या. पुढे लागेल."

"पलंग येणारच आहे," हे म्हणाले. "तो काही चुकत नाही. हात आहेत तोवर हे करू दे."

नणंद उठून आत गेली आणि कारण नसताना भांडी घासायला लागली.

तर त्या दिवशी दुकानात प्रोसेसरवरून अडलं. दोन होते. एक थोडा सुस्त, पण त्याच्यातून स्क्रीनवर चित्र यायचं. दुसरा तेज आणि वर स्वस्त.

"पण ह्या दुसऱ्यातून चित्र येत नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "त्याला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं. ते घेईपर्यंत स्क्रीन काळी."

"मग पहिला द्या," मी म्हणाले. "निदान काहीतरी दिसेल तरी."

"थांब," हे म्हणाले. "खेळाला ते कार्ड लागणारच ना? मग दोनदा पैसे कशाला? चित्र म्हणजे काच. काच शेवटी बसवतात."

तरुणपणी हे कारखान्यातून नव्या गाड्या पोचवायचं काम करायचे. गाडी म्हणजे नुसती चासी. चार चाकं, इंजिन, स्टेअरिंग आणि लाकडी फळीची सीट. दारं नाहीत, छप्पर नाही, काच नाही. डोळ्याला गॉगल, तोंडाला फडकं बांधून सगळा वारा छातीवर घेत दूरच्या गावी न्यायची. तिथे तिच्यावर केबिन चढायची, बाकीचं सगळं झालं की काच बसायची.

"बिनकाचेची गाडी चालत नाही, असं कुणी सांगितलं तुला?" हे दुकानदाराला म्हणाले.

वाचलेल्या पैशात स्टेअरिंग आलं. पाय न लावता, मागच्या पट्ट्या बोटांनी ओढून वेग देता येईल असं. हिशेब काही चुकीचा नव्हता. माझ्या पुढच्या पगाराला कार्ड, असं ठरलं.

पुढच्या पगाराला कार्डंच बाजारातून गायब झाली.

"लोक त्याच्यावर नाणी खणतायत, ताई," दुकानदार म्हणाला.

"कसली नाणी?"

"इंटरनेटवरची. दिसत नाहीत, पण किंमत आहे."

न दिसणाऱ्या नाण्यांसाठी आमची काच पळवली होती. भाव असा चढला की ऐकून मी नुसतं बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

बाकीचं तरी जोडून ठेवू, म्हणून मी स्वयंपाकाच्या ओट्यावर कॉम्प्युटर जोडला. ह्यांनी दोन्ही हातांनी टॉर्च धरला होता. उजेड थरथरत होता, स्क्रू कुठे, भोक कुठे. मी चाचपून स्क्रू फिरवले. बटण दाबलं तसे पंखे फिरले आणि एक बारीक घरघर सुरू झाली. स्क्रीन काळीच.

ह्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "एका फटक्यात चालू झाली," हे म्हणाले.

त्या दिवसापासून हे संध्याकाळी स्टेअरिंगशी बसायला लागले. मी जुन्या रेक्झिननं खुर्ची मढवून दिली होती. पंखे चालू करायचे, काळ्या स्क्रीनकडे बघायचं आणि गाडी काढायची. आधी मला वाटलं, डोक्यालाही काहीतरी झालं. डॉक्टर खोटं बोलले. मग लक्षात आलं, हे नेहमीच्याच रस्त्यानं चाललेत. वळणं तीच. उतारावर वेग कमी व्हायचा. एकदा हे बराच वेळ नुसते बसून राहिले, हात स्टेअरिंगवर.

"काय झालं?"

"रेल्वेचं फाटक लागलंय."

मी चहा टाकला. कप आणून ठेवला.

"गाडी गेली का?"

"मालगाडी आहे," हे म्हणाले. "लांब असते."

मी शेजारी बसून राहिले. त्या काळ्या स्क्रीनवर आम्ही दोघं दिसत होतो, धुरकट. मी माझा पदर सारखा केला.

मग डावा हात स्टेअरिंगवरून सटकायला लागला. मी तळहाताच्या मापाचा रेक्झिनचा पट्टा शिवून स्टेअरिंगला बांधला. पट्ट्यात हात अडकवला की राहायचा. काही आठवडे गेले, मग उजव्यालाही पट्टा शिवला. मग पट्ट्यातले हात नुसते टांगलेले राहायला लागले. तरी पंखे रोज लावायचे. बोलणं जड झालं. एक वाक्य निघायला आधी बराच श्वास गोळा करावा लागायचा. नणंद म्हणत होती तो पलंग आला. त्याच्यासाठी कपाट जिन्यात गेलं, टेबल मात्र ह्यांनी हलवू दिलं नाही.

त्याच सुमारास दुकानदाराचा फोन आला. जुनं कार्ड आलंय, परवडेल असं. मी एकटी गेले, कारण हे आता जिना उतरत नव्हते. दुकानातून घरी फोन लावला. नणंदेनं तो ह्यांच्या कानाला धरला.

"वास... घे," हे म्हणाले.

मी वास घेतला. "थोडा जळकट येतोय हो."

"किती... चाललंय?"

मी दुकानदाराला विचारलं.

"खोटं नाही सांगत, ताई. दिवसरात्र जुंपलेलं होतं. नाणीच खणत होतं. कधी बंद पडेल सांगता येत नाही."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू आला. हसत होते.

"म्हणजे... आपल्यातलंच... आण."

दुकानदारानं कार्ड कागदात बांधून दिलं आणि पिशवीत एक जादा केबल टाकली. काकांना नमस्कार सांगा, एवढंच म्हणाला.

कार्ड बसवलं, दुकानदाराला फोनवर विचारत खेळ भरला. त्याचे पंखे जास्तच आवाज करत होते. स्क्रीन उजळली, आणि काय सांगू, एवढा मोठा रस्ता आमच्या खोलीत आला. आकाश, रेलिंग, दोन्ही बाजूंना आरसे, आरशात मागे पडत जाणारी झाडं. ह्यांचे हात मी पट्ट्यांत अडकवले. गाडी उभी होती. ह्यांचा उजवा अंगठा हलला. वेगाच्या पट्टीपर्यंत पोचला नाही. पुन्हा हलला. मी हाताखाली हात घालणार, तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांनी नको म्हटलं.

काही वेळ आम्ही उभ्या गाडीत बसून होतो. शेजारून बाकीचे ट्रक जात होते.

"तू... बस," हे म्हणाले.

मी उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवलेली नाही. ह्यांचे हात पट्ट्यांतून सोडवले, चाकाची खुर्ची डावीकडे घेतली, मानेला उशी लावली आणि मी रेक्झिनच्या खुर्चीत बसले. वेगाच्या पट्ट्या ओढल्या. ट्रक सरळ जाऊन रेलिंगला घासला.

"आरसा," हे म्हणाले.

"कुठला?"

"दोन्ही."

परत घेतला, परत घासला. मागून कोणीतरी हॉर्न मारला. मी घाबरून मधल्या बटणाकडे हात नेला.

"त्याला... हात... नको."

"बरं."

"लांब... बघ. बोनेटकडे... नको."

लांब बघायला लागले तशी गाडी आपोआप सरळ राहायला लागली. एक वळण गेलं, मग पूल गेला. ह्यांनी काही म्हटलं नाही, म्हणजे बरोबर असावं. पुढे रस्ता फुटत होता.

"डावीकडे घेऊ का सरळ जाऊ?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मी मान वळवली. ह्यांचं डोकं उशीवर कललं होतं, तोंड किंचित उघडं होतं. छाती वर-खाली होत होती. श्वास संथ होता. पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवर सैल पडले होते, ब्रेक दाबत नव्हते.

मी सरळच गेले. गाडी थांबवायचं बटण मला माहीत होतं. मी ते दाबलं नाही. पुढे रस्ता खराब लागला, तेव्हा मी वेग अगदी कमी केला आणि खड्डे चुकवत चालवत राहिले.