चुकीची उंची

गोदामातल्या आरोग्य शिबिरात शाहीनचा बीएमआय पंचवीस पॉइंट सहा निघाला. कार्ड लिहिणाऱ्या मिहिरने तो आकडा मोठ्याने वाचला आणि वर "लठ्ठ" असंही म्हणाला.

सुपरवायझर प्रभाकर हसले. "शाहीन, उद्यापासून डबा अर्धाच आण!"

अख्खी रांग हसली. रोज आठ तास खोकी उचलणाऱ्या शाहीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कार्ड ओढून घेतलं. वजन छप्पन्न, उंची एकशे अठ्ठेचाळीस.

"उंची चुकलीय. मी एकशे अठ्ठावन्न आहे."

"ताई, टेपवर दिसतं तेच लिहितो मी."

"पोलीस भरतीत मोजलं होतं मला. उंचीत पास झाले, धावण्यात गेले. विसरेन होय?"

ती भिंतीपाशी जाऊन वाकली. कागदी टेप भिंतीच्या तळाशी बसवलेल्या फरशीच्या वरून चिकटवली होती. तिचं शून्य जमिनीपासून दहा सेंटीमीटर वर!

"मोबाईल काढा. कसं काढता बीएमआय?"

"किलोतलं वजन भागिले मीटरमधली उंची. आलेल्या आकड्याला परत उंचीनेच भागायचं," मिहिर पुटपुटला. त्याने छप्पन्नला एक पॉइंट अठ्ठावन्नने दोनदा भागलं. बावीस पॉइंट चार. "नॉर्मल आहे, ताई. साडेअठरा ते तेवीसच्या आत."

"अगं, मस्करी केली मी," प्रभाकर म्हणाले. "सोड आता."

शाहीनने सोडलं नाही. तिच्या मनात भलतीच शंका आली होती. सकाळी "नॉर्मल" म्हणून परत कामावर पाठवलेल्या कमळाला तिने हाक मारली. कमळाला गेला महिनाभर कामावर चक्कर येत होती. तिच्या कार्डावर बेचाळीस किलो, उंची एकशे पंचेचाळीस, बीएमआय वीस.

"हिची उंची आता एकशे पंचावन्न धरा."

मिहिरने भागाकार केला आणि त्याचा चेहरा उतरला. "साडेसतरा. वजन कमी आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं, रक्तही तपासायला हवं."

"आणि तुम्ही हिला तशीच कामावर धाडलंत!" शाहीन कडाडली. "मला हसलात ते हसलात, सर. हिला काही झालं असतं तर?"

टेप उतरवून जमिनीपासून लावली गेली. चाळीस जणांची उंची पुन्हा मोजली, कमळाला डॉक्टरांसाठी चिठ्ठी मिळाली. प्रभाकरांनी शाहीनसाठी चहा मागवला.

"तुम्हीच प्या," म्हणत ती कमळाला घेऊन दवाखान्याकडे निघाली. राग अजून धुमसतच होता.