चाळीस पानं नुसते कपडे वाळतात

"वहिनी, हे नेऊ नका. झोप येईल."

आमच्या वाचनालयाच्या किशोरीताईंनी पूनमला बजावलं, तेही माझ्या तोंडावर. पूनमने हसून ते कानाआड केलं आणि मला पिशवीत टाकलं, बाळाच्या लंगोटांशेजारी.

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. पुण्यातल्या छापखान्यात जन्मले आणि शाईचा, खळीचा वास अंगावर घेऊन काशीदजवळच्या या गावी आले. इथल्या खाऱ्या हवेने माझी पानं फुगली. गोष्ट मात्र तीच राहिली. लिस्बन नावाचं दूरदेशीचं शहर, चढाच्या गल्ल्या आणि खिडकीशी बसलेला एक म्हातारा घड्याळजी. समोरच्या सज्जात कपडे वाळत असतात. ते कोणी काढतच नाही. हळूहळू त्याच्या मनात पाल चुकचुकते. पण ती चुकचुकेपर्यंत चाळीस पानं जातात!

त्यावरून गावात दोन तट पडले. रिक्षावाल्या कुलदीपने मला टेबलावर आपटलं. "ताई, अर्धं पुस्तक संपलं, मुडदा कुठंय? नुसते कपडे वाळतायत!"

एसटीतून निवृत्त झालेले काळूराममामा उखडले. "तुला वळणावर पण ओव्हरटेकच करायचा असतो. मी तर लिस्बन हिंडून आलो, तेही बिनतिकीट."

कुलदीपचा तट मोठा निघाला. मी खालच्या फळीवर गेले. कसरीने माझी शिवण कुरतडली. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही.

म्हणून पूनमचा हात लागला तेव्हा मी सुखावले. ती पाली गावची, बी.ए. झालेली, लग्न होऊन इथे आलेली. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. घरचे हसायचे, "किती गं काळजी करशील!" तिला माझी ती चाळीस पानं कंटाळवाणी वाटली नाहीत. तिचेही दिवस दोरीवरचे लंगोट बघण्यातच जात होते.

एका दुपारी मी तिच्या मांडीवर उघडी होते. तिने मान वर केली. समोर आवडाबाईंच्या अंगणात वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळत होते आणि कावळे ते ओढत होते. आवडाबाई एकट्या राहणाऱ्या कोळीणबाई. एक कावळा बसला तरी त्यांच्या शिव्या समुद्रापर्यंत ऐकू जायच्या. आज चिडीचूप.

"सगळे हसतील मला," पूनम पुटपुटली. तरी ती उठली. बाळ कडेवर, मी काखेत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आवडाबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. पाय हलत नव्हता, ओठ सुकले होते.

"मावशी!"

"सकालपासून हाका मारतंय गं," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. मग एकदम, "पोरी, माजा पाय ऱ्हाऊं दे, आधी बोंबील उचल! मेल्या कावल्यांनी काय ठेवलं का न्हाय?"

पूनम रडता रडता हसली. तिने अंगणात धावत येऊन मला वलांडीवर टाकलं आणि कुलदीपला हाक मारली. त्याने रिक्षा अशी हाणली की पुस्तकात तशी कधी कोणी हाणली नसेल.

खुब्याचं हाड मोडलं होतं, पण वेळेवर उपचार झाले. आता आवडाबाई काठी टेकून अंगणात बसतात आणि कावळ्यांचा उद्धार करतात.

माझ्या अंगाला मात्र बोंबलाचा वास लागला तो लागलाच. किशोरीताई नाक मुरडतात, पण मला वरच्या फळीवर ठेवतात. कुलदीपचं मत बदललेलं नाही. "पुस्तक संथच आहे वहिनी," तो म्हणतो, "पण बरं झालं, तुम्ही वाचलंत."

मित्रांनो, माझे कोपरे दुमडू नका, एवढंच मी पूर्वी मागितलं असतं. आता आणखी एक मागते. तुमच्या शेजारी कोणी एकटं राहत असेल. त्यांचा आवाज आज कानावर आला का? नसेल, तर मला इथेच पालथी ठेवा आणि आधी त्यांना बघून या. मी थांबते. मला घाई कधीच नव्हती.