पत्रूच्या रंगपेटीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी एका नटाची जुनी रंगपेटी आहे. वडशाच्या एका पत्रेवाल्याने मला घडवले आणि कुरखेड्याकडचा पत्रू मला डोक्यावर घेऊन गावी गेला. पावसाळ्यात तो धान पिकवी, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होई. माझ्यातले काजळ त्याच्या भुवयांवर चढले की मंडपातली पोरे आईच्या पदराआड लपत. लोकांनी दिलेल्या शिव्या तो घरी येऊन बायकोला, चंदाला, हौसेने सांगे. ते दिवस माझ्याही मानाचे होते.

मग एका वर्षी पत्रू वाळू लागला. ताप हटेना. दवाखान्यात रक्त तपासले, तर एचआयव्ही निघाला. चंदाला लागण नव्हती. तिथून थेट नाटकाला जायचे होते, म्हणून मीही सोबत होते. समुपदेशक नीलिमाबाईंनी दोघांना समोर बसवले.

"रोज एक गोळी, ठरलेल्या वेळी," त्या म्हणाल्या. "आजार मुळातून जाणार नाही, पण विषाणू दबून राहील. तपासणीत तो दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर चंदाबाईंनाही तुमच्यापासून लागण होणार नाही. बरं वाटतं म्हणून गोळी सोडायची नाही. चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, पण दोन एकदम नको. दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी इथं विचारा."

पत्रूने संध्याकाळची वेळ ठरवली. गोळीने गुण दिला. अंग भरले, आवाज परतला, तपासणीही चांगली आली.

पण नाटकांच्या हंगामात संध्याकाळ म्हणजे तोंडाला रंग लावायची वेळ. रंगपटात सगळे नट दाटीने बसत. एकदा आदेश नावाच्या नटाने माझ्यात ठेवलेली गोळ्यांची बाटली पाहिली.

"कायच्या गोळ्या होत भाऊ ह्या?"

"ताकदीच्या," पत्रू म्हणाला.

"आमच्या गावात एकजण अशाच खाते. त्याच्या ओट्यावर कोणी बसत नाई."

त्या संध्याकाळी पत्रूने गोळी घेतली नाही. बाटलीतल्या सगळ्या गोळ्या त्याने पावडरच्या रिकाम्या डब्यात ओतल्या आणि डबा माझ्या तळाशी दडवला. नीलिमाबाईंना विचारले असते, तर वेळ बदलून मिळाली असती. त्याने विचारले नाही. अंगात जोर होता, त्यामुळे औषधाची गरज सरली असेच त्याला वाटले. पुढे दवाखान्यातून तो नेमाने गोळ्या आणी आणि नेमाने माझ्यात ओती. तपासणीची वेळ आली की नाटकाचे निमित्त सांगे.

"गोळी घेतली का तुमी?" चंदा विचारी.

"घेऊन राह्यलो ना," तो म्हणे.

मित्रांनो, मला सारे दिसत होते, पण मला तोंड नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला पत्रू बांधीतल्या चिखलात उतरलाच नाही. तो शेताच्या धुऱ्यावर बसून खोकत राहिला. दवाखान्यात नेले तेव्हा कळले, गोळ्या सुटल्याने विषाणू पुन्हा वाढला होता आणि क्षयरोग मेंदूपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी उपचारांची शर्थ केली, पण शरीरात झुंजायला काही उरले नव्हते. धान कापणीला येण्याआधी पत्रू गेला.

तेरवी झाल्यावर चंदाने मला नाटक मंडळीला देण्यासाठी उघडले. रंग पुसता पुसता तिच्या हाती तो डबा लागला. गोळ्या तिच्या मांडीवर सांडल्या. तिने एकेक गोळी वेचून पाहिली.

"मले तरी सांगाचं होतं," ती हळूच म्हणाली. "रंगपटाच्या दारात उभी राहून मी हातानं चारली असती."

त्या गोळ्या ओच्यात बांधून ती नीलिमाबाईंकडे गेली. बाईंनी तिचेही रक्त पुन्हा तपासायला लावले. या वेळी लागण निघाली. परत आल्यावर ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. रडली, मग उठून चूल पेटवली.

तिने मला कुणाला दिले नाही. मी गंजत कोपऱ्यात पडून आहे. तिच्या औषधाची बाटली मात्र माझ्यात नसते, समोरच्या फळीवर असते. सकाळी कामावर निघण्याआधी ती गोळी घेते. शेजारची सरिता एकदा म्हणाली, "अशी उघडी काऊन ठेवते, बाई? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे," चंदा म्हणाली. "लाजेनं एक माणूस नेला घरातला. आता मी लाजत नाई."

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कुणी अशी गोळी घेत असेल, तर त्याला नावे ठेवू नका. पाण्याचा गिलास भरून त्याच्या हाती द्या, आणि तो गोळी गिळेपर्यंत त्याच्याजवळ बसा.