वरचा दांडा किती आखूड

बाईंनी चौथी टाचणी पुठ्ठ्यात खुपसली, तिच्या टोकावर खोडरबराचा तुकडा बसवला आणि पुठ्ठ्याचं चाक बोटाने वर ढकललं. चाक वर गेलं, पण जाता जाता माथा आत घेऊन किंचित कललं. त्यांनी ते खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मग इतक्या जवळून बघू लागल्या, की नाक पुठ्ठ्याला टेकायचंच बाकी राहिलं.

"कललं," त्या म्हणाल्या.

"का कललं असेल?" मागे हात पुसत उभा असलेल्या जावयाने विचारलं.

बाईंनी चाक पुन्हा खाली आणलं. छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवताना हा प्रश्न त्या दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या. त्यांना तो कोणी विचारल्याला बराच काळ लोटला होता.

जावयाच्या गॅरेजमध्ये येण्याची ही त्यांची तिसरी खेप. त्याआधीच्या सहा वर्षांत त्यांनी इथे पाऊल टाकलं नव्हतं. लेकीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा बाईंनी आरडाओरडा केला नाही, रुसल्याही नाहीत. स्वयंपाकघरात तिला एवढंच म्हणाल्या होत्या, की दिवसभर बोल्ट पिळणाऱ्या माणसाशी तू जन्मभर बोलणार काय? भिंत पातळ होती आणि हा पलीकडेच बसलेला होता. त्याने तो विषय कधी काढला नाही. बाईंनीही नाही. सणासुदीला भेट व्हायची, तब्येतीची चौकशी व्हायची, हवापाण्यावर चार वाक्यं व्हायची आणि मग दोघंही लेकीच्या तोंडाकडे बघत बसायची.

तीन आठवड्यांपूर्वी लेकीचा फोन आला. "आई, त्याला एक भूमितीचं अडलंय."

बाईंना आधी वाटलं, चेष्टा करतेय. मग लेकीने सगळं सांगितलं. तो स्वतःसाठी एक हॉट रॉड बांधतोय. हॉट रॉड म्हणजे काय, तर आजोबांच्या काळातली एक मोडीत निघालेली गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून तिला बसकी करायची, पोटात दांडगं इंजिन घालायचं आणि लोकांनी वळून वळून बघावं अशी ती रस्त्यावर काढायची. बाकी सगळं मार्गी लागलंय, पण मागची चाकं कशी बसवावी यावर गाडं अडलंय. बाईंनी कपाळाला आठी घातली. रविवारी सकाळी मात्र कंपासपेटी पिशवीत टाकून त्या दारात हजर झाल्या.

पहिल्या दिवशी त्याने जमिनीवर दोन गोष्टी मांडून ठेवल्या होत्या. एक होता जुना सरळ अ‍ॅक्सल, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेली जाडजूड अखंड नळी. दुसरं धूड त्याने भंगारच्या यार्डातून, मागून ठोकर बसलेल्या एका गाडीखालून काढून आणलं होतं. त्यात मधला गियरचा गड्डा गाडीच्या सांगाड्याला घट्ट, आणि दोन्ही बाजूंना वर एक नि खाली एक असे दांडे. प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर सुटं.

त्याने अ‍ॅक्सलच्या एका टोकाखाली वीट सरकवली. दुसऱ्या टोकाचं चाकही वाकडं झालं.

"म्हणजे खड्डा एकाला आणि शिक्षा दोघांना," बाई म्हणाल्या.

तो हसला. पण बाजू त्याने अ‍ॅक्सलचीच घेतली. नळी साधी आहे, दणकट आहे, तिच्यात मोडण्यासारखं काही नाही. शिवाय या गाडीचा मागचा भाग उघडा असतो, येणारा-जाणारा वाकून बघतो, आणि जुन्या गाडीखाली लोकांना जुनंच बघायला आवडतं. सुट्या चाकांना सांधे फार, दांड्यांची मापं चुकली तर गाडी वळणावर दगा देणार. एकदा सांगाडा कापला की मागे फिरता येत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना यातलं निम्मं कळलं नव्हतं, आणि ते निम्मं आठवडाभर डोक्यात घोळत राहिलं. बसमध्ये बसल्या की त्यांचं लक्ष पुढच्या गाडीच्या चाकांकडे जायचं. भाजी चिरताना त्यांनी दोन गाजरांचे दांडे आणि मुळ्याची चकती जुळवून पाहिली, तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. दुसऱ्या रविवारी त्या पुठ्ठा आणि टाचण्या घेऊनच आल्या आणि दोन्ही दांडे सारखे धरले तर काय होतं ते त्याला दाखवलं. खड्ड्यात चाक सरळ वर-खाली होतं, छान. पण वळणावर गाडी कलंडते, तेव्हा चाकही तिच्याबरोबर कलंडतं. मग रबराची नुसती कड रस्त्याला टेकते.

"मग काय करायचं?" त्याने विचारलं होतं.

"विचार करायचा," बाई म्हणाल्या होत्या.

आणि आज त्यांनी वरचा दांडा आखूड केला होता. म्हणूनच चाक वर जाताना माथा आत घेत होतं. बाईंनी सगळा पुठ्ठाच हळूहळू तिरका केला, गाडी वळणावर झुकते तसा. बाहेरच्या बाजूचं चाक टेबलावर ताठ उभं राहिलं. सांगाडा झुकला होता आणि चाक सरळ होतं.

"हे बघितलंत?" त्या म्हणाल्या. आवाज जरा चढला होता. "वरचा दांडा आखूड हवा. पण फार आखूड केला तर साध्या खड्ड्यातही चाक पाय मुडपेल. कुठेतरी मध्ये."

त्या कुठेतरी मध्येचा शोध पुढे तासभर चालला. बाई पट्ट्या कापत गेल्या, जावई कोन मोजून आकडे लिहीत गेला. त्याचं अक्षर वळणदार आहे हे बाईंच्या आज लक्षात आलं. शेवटी आकडा निघाला. खालचा दांडा चाळीस सेंटिमीटर, तर वरचा अठ्ठावीस. म्हणजे वरचा दांडा सांगाड्याला जिथे जोडायचा, ती जागा खालच्यापेक्षा बारा सेंटिमीटर बाहेर यायला हवी.

"तिथे तेवढी जागा आहे का?"

"मोजून सांगतो," तो म्हणाला. मापं नेहमी तोच घ्यायचा. खाली ग्रीस आहे, आई, कपडे खराब होतील.

तेवढ्यात फाटकाशी एक टेम्पो गचके खात येऊन बंद पडला आणि चालकाने त्याला हाक मारली. तो गेला. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग दोघांची चर्चा सुरू झाली. ही काही लवकर आटपत नाही, असं बाईंनी ताडलं. त्यांनी टेप घेतला, टॉर्च घेतला, गाडीखाली सरकण्यासाठी तळाला छोटी चाकं लावलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली फळी आडवी केली आणि गुडघ्यांची समजूत काढत तिच्यावर उताण्या पडल्या. पायांनी रेटा देत त्या गाडीच्या मागच्या बाजूने आत सरकल्या.

टॉर्चच्या उजेडात सांगाड्याच्या आतल्या अंगाला चार लोखंडी कान दिसले. दोन उजवीकडे, दोन डावीकडे, दांडे जोडण्यासाठी भोकं पाडलेले. वेल्डिंग पक्कं होतं, वर काळा रंग होता. रंगावर धूळ होती आणि एका कानापासून दुसऱ्यापर्यंत कोळ्याने सावकाशीने विणलेलं जाळं.

बाईंनी टेप लावला. वरच्या कानाचं भोक खालच्या भोकापेक्षा बाहेर होतं. बारा सेंटिमीटर. त्यांनी दुसऱ्या बाजूला मोजलं. तिथेही बारा.

बाईंनी टेप मिटवला. याने केव्हाच ठरवलं होतं. ठरवून, कापून, जोडून, रंगवून मोकळा झाला होता आणि त्यांना पुठ्ठे कापायला बसवलं होतं. त्यांना त्याने अ‍ॅक्सलची घेतलेली बाजू आठवली. ते "का" आणि ते "मग काय करायचं" आठवलं. आणि ते विचारून झाल्यावर त्याचं गप्प राहणं, घाई न करणं. ही तऱ्हा त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी महिनोन्महिने तोंड उघडत नसली, की बाई तिच्यापाशी वही घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, हे गणित मला अडलंय गं, बघ बरं जमतं का.

त्या तशाच पडून राहिल्या. पाठीखाली फळी गार लागत होती.

टेम्पो सुरू झाला आणि निघून गेला. पावलं आत आली. टेबलापाशी थांबली, मग गाडीच्या बाजूने येऊन बाईंच्या पायांपाशी पुन्हा थांबली.

बाई सरकत बाहेर आल्या. त्याने हात पुढे केला. तो धरून त्या उठल्या आणि साडीच्या निऱ्या झटकल्या. तो त्यांच्या हातातल्या टेपकडे बघत होता.

"जागा आहे," बाई म्हणाल्या. "बारा सेंटिमीटर. बरोबर बसेल."

"बसेल?"

"मी मोजलंय ना."

त्याने मान हलवली. बाई गाडीला वळसा घालून पुढे गेल्या. पुढची दोन्ही चाकं जागेवर बसवलेली होती, नट आवळलेले होते, दांडे लालभडक रंगवलेले होते आणि गाडीचा पुढचा सगळा भार त्यांच्यावर निवांत टेकलेला होता. बाईंनी वाकून दोन्ही चाकं नीट पाहिली.

"आणि पुढच्या चाकांचं काय?" त्यांनी विचारलं.

जावयाने पुढच्या चाकांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

"पुढचं अजून काहीच ठरलं नाहीये, आई."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "मग पुठ्ठा लागेल. हा संपला."

तो लगबगीने आतल्या खोलीत गेला. क्षणभराने तिथून बोल्टांनी भरलेलं अख्खं पुठ्ठ्याचं खोकं जमिनीवर रिकामं केल्याचा खडखडाट ऐकू आला.